मधुमेह-थायरॉइडच्या तपासणीत तोंडही हवे

मा. संपादक,
स. न.

मधुमेहींनी दरवर्षी काय काय तपासून घ्यावे याची यादी आरोग्यविषयक लेखांतून नेहमी छापली जाते. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायांच्या नसा, हृदय हे सगळे त्यात असते. हिरड्या नसतात. थायरॉइडवरच्या लेखांत वजन, केस, थकवा, पाळी यांचा उल्लेख येतो. जीभ आणि लाळ राहून जातात. आम्ही एक दंतवैद्य आणि एक संप्रेरकांच्या (हार्मोनांच्या) विकारांवर उपचार करणारे डॉक्टर, असे दोघे मिळून हे पत्र लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण नेमक्या तपशिलाशिवाय या विषयाचा वाचकाला फारसा उपयोग होणार नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. हिरड्यांचा आजार व्यवस्थित साफसफाई करूनही हटत नसेल तर रक्त तपासावे, आणि औषध वाढवूनही साखर उतरत नसेल तर हिरड्या तपासाव्यात. यातली पहिली तपासणी दातांच्या दवाखान्यातून सुचवली जायला हवी, दुसरी मधुमेहाच्या. आज बहुतेक ठिकाणी दोन्ही राहून जातात.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक उथळ फट असते. निरोगी तोंडात तिची खोली १ ते ३ मिलिमीटर असते. दातांवरचे कीटण नियमित निघाले नाही तर त्यातले जंतू हिरडी सुजवतात. सूज रेंगाळली की दाताला धरून ठेवणारे तंतू सुटतात, हाड झिजते आणि फट ४, ५, ६ मिलिमीटर खोल होत जाते. दंतवैद्य बारीक खुणा असलेल्या सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी ही खोली मोजतात. मोजायला फार तर १०-१५ मिनिटे लागतात, फारसे दुखतही नाही. तरीही हे मोजमाप न करता नुसते वरवर पाहून ‘हिरड्या ठीक आहेत’ असे सांगितले जाते. आजार तोंडभर पसरलेला असेल तर सुजलेल्या कप्प्यांच्या आतल्या बाजूचे एकूण क्षेत्रफळ ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते. एवढी उघडी जखम हातावर असती तर कुणी दोन दिवसही थांबले नसते. हिरडीच्या आड असल्याने ती वर्षानुवर्षे तशीच राहते.

या जखमेतून जंतूंचे अंश आणि सूज वाढवणारी रसायने सतत रक्तात जात राहतात. त्यांच्यामुळे इन्शुलिनचा पेशींवरचा परिणाम मंदावतो आणि साखर चढते. चढलेली साखर पुन्हा हिरड्यांचे नुकसान करते. साखर शरीरातल्या प्रथिनांना चिकटून हिरडीला बळकटी देणारे कोलॅजनचे तंतू कडक होतात, जुने तंतू बदलून नवे येण्याचे काम बिघडते, जंतूंवर चाल करून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी संथ पडतात आणि हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. मधुमेह ताब्यात नसलेल्यांना हिरड्यांचा गंभीर आजार होण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट-तिप्पट असते ती यामुळे. हिरड्यांच्या आजारांचे संशोधक हॅराल्ड लोए यांनी १९९३ मध्येच या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले होते. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या हिरड्यांच्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तर आजार किती वेगाने वाढेल हे ठरवताना तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, विचारात घ्यायला सांगितले आहे. मधुमेहीत हा आकडा ७ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर आजार वेगाने वाढणाऱ्या गटात धरला जातो. थोडक्यात, हा आकडा न विचारता मधुमेहीच्या हिरड्यांचे निदान पूर्ण होत नाही.

हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षांतून दिसले आहे. हा आकडा लहान वाटेल. पण ७.६ वर अडकलेल्या माणसाला ७.२ वर आणणारा उपचार डॉक्टर सोडत नाहीत, मग तो दातांच्या खुर्चीत होतो म्हणून सोडू नये. मधुमेहाची गोळी मात्र यामुळे बंद होत नाही, कमीही आपल्या मनाने करायची नाही.

नीट उपचार म्हणजे काय, तेही सांगायला हवे. हिरडीच्या वर दिसणारे कीटण यंत्राने काढणे ही पहिली पायरी. कप्पे ४ मिलिमीटरपेक्षा खोल असतील तर भूल देऊन हिरडीखालच्या मुळांचीही सफाई करावी लागते. हे काम तोंडाचे दोन किंवा चार भाग करून वेगवेगळ्या बैठकांत होते. ८ ते १२ आठवड्यांनी सर्व खोली पुन्हा मोजायची. जिथे कप्पा खोलच आहे आणि रक्त येत आहे तिथे पुढचा उपचार. त्यानंतर मधुमेहींनी साधारण दर तीन महिन्यांनी दाखवायचे, कारण कप्प्यांत जंतूंची वस्ती पुन्हा जमायला तेवढाच वेळ लागतो. साफसफाई केल्याने दात हलू लागतात, हा समज फार जणांना उपचारापासून दूर ठेवतो. कीटण काढल्यावर दातांत फटी दिसतात आणि काही आठवडे थंड-गरम झोंबते, हे खरे. फटी आधीपासून तिथेच होत्या. कीटणाने त्या बुजलेल्या होत्या आणि सुजलेल्या हिरडीने झाकलेल्या होत्या. धूम्रपान करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. त्यांच्या हिरड्यांतून आजार असूनही रक्त कमी येते, त्यामुळे ‘रक्त येत नाही म्हणजे हिरड्या बऱ्या’ हा हिशेब त्यांना लागू पडत नाही.

उलट्या दिशेची तपासणीही तितकीच सोपी आहे. एकाच वेळी दोन-तीन हिरड्यांवर गळू येणे, तिशी-चाळिशीत दात हलणे, दात काढल्यावर जखम दोन-तीन आठवड्यांतही न भरणे, ओठांचे कोपरे वारंवार चिरणे, जिभेवर किंवा गालाच्या आत पुसले जाणारे पांढरे थर येणे, कानाखालच्या लाळग्रंथी दोन्ही बाजूंनी न दुखता सुजणे. यातले एक जरी दिसले आणि मधुमेह माहीत नसेल, तर दंतवैद्यांनी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी करून घ्यायला सांगावे. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त असेल तर तो मधुमेहाच्या कक्षेत येतो. लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी, आणि हिरड्यांवर लक्ष देण्याची सर्वांत योग्य वेळही हीच.

दात काढायला उपाशी जायचे, हा समज मधुमेहींना महागात पडतो. स्थानिक भूल देऊन काम होणार असेल तर नेहमीच्या वेळी खावे, नेहमीचे औषध घ्यावे आणि शक्यतो सकाळची वेळ मागावी. जेवणाआधीचे जलद इन्शुलिन टोचून, न जेवता खुर्चीत बसलेल्या माणसाची साखर कोसळते. घाम, थरथर, धडधड, अकारण चिडचिड, उत्तरे देताना गोंधळ ही त्याची लक्षणे. भीतीचीही लक्षणे अशीच असल्याने ‘घाबरलेत’ म्हणून दुर्लक्ष होते. दवाखान्यात साखर मोजण्याचे यंत्र असलेच पाहिजे. आकडा ७० च्या खाली असेल तर काम थांबवायचे, तोंडातला कापूस काढायचा आणि १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यातून द्यायचे. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, वर आला नसेल तर पुन्हा तेवढेच द्यायचे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही. त्याला शिरेतून ग्लुकोज किंवा साखर चढवणाऱ्या ग्लुकॅगॉन संप्रेरकाचे इंजेक्शन लागते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांना घरातली साखर देऊन लवकर उतार पडत नाही, कारण ही औषधे आतड्यात तिचे विघटनच रोखतात. त्यांना ग्लुकोजची पूडच द्यावी लागते.

औषधांच्या आणखी दोन जोड्या सांगायलाच हव्यात. तोंडातल्या बुरशीवर दिले जाणारे मायकोनाझोल जेल साधे, वरून लावायचे औषध वाटते. ते गिळले जाऊन रक्तात उतरते आणि ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांचा परिणाम वाढवून साखर खाली आणू शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनबरोबर तर ते देऊच नये, रक्तस्रावाचा धोका गंभीर असतो. बुरशीवरच्याच फ्लुकोनाझोलच्या गोळ्यांनाही दोन्ही बाबतींत हीच सावधगिरी लागते. दुसरी जोडी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधांच्या गटातली. जबड्याची शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होणार असेल तर ही दोन औषधे सहसा तीन दिवस आधी थांबवतात. आणि साधी दाढ काढल्यावरही दुखण्यामुळे दिवसभर काही खाल्ले गेले नाही, मळमळ, पोटदुखी, धाप सुरू झाली, तर ती गोळी पुढे न घेता रक्तातले किटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) तपासावेत. साखर २०० च्या आत असतानाही या औषधांवर किटोन धोकादायक पातळीला जाऊ शकतात. आकडा पाहून निर्धास्त होणे इथे चुकते.

‘साखर उतरू दे, मग दाताचे पाहू’ हा सल्ला फिलिंग, कवळी, इम्प्लांट यांच्या बाबतीत बरोबर आहे. पू झालेल्या दाताच्या बाबतीत तो चुकीचा आहे. तो पूच साखर चढवत असतो. त्याला वाट करून देणे आणि साखर उतरवणे एकाच वेळी व्हायला हवे. जबड्याखाली टणक सूज, गिळायला त्रास, तोंड न उघडणे, ताप अशी लक्षणे असतील तर दवाखान्याची वेळ न पाहता रुग्णालय गाठावे. साखर बेताबाहेर असताना एका बाजूचा गाल सुजणे किंवा बधिर होणे, वरचे दात एकाएकी हलणे, नाकातून काळपट स्राव किंवा टाळूवर काळा चट्टा दिसणे, ही म्युकर बुरशीची लक्षणे असू शकतात. त्यात तासांचा हिशेब असतो.

आता लाळेकडे येऊ. मधुमेह, थायरॉइडचे विकार, रजोनिवृत्ती आणि या आजारांसोबत चालणारी रक्तदाबाची, नैराश्याची, लघवी वाढवणारी औषधे, या सगळ्यांचा परिणाम शेवटी लाळेवर होतो. तोंडातली आम्लता वाढून पीएच ५.५ च्या खाली गेला की दाताच्या आवरणातली खनिजे विरघळू लागतात. लाळ ती आम्लता उतरवते आणि गेलेली खनिजे परत बसवते. लाळ आटली की एरवी न लागणाऱ्या जागी, हिरडीलगत आणि मुळांवर, कीड लागते. एकामागून एक फिलिंग निघत असतील तर ब्रशिंगला दोष देण्याआधी लाळ मोजावी. खाणे-पिणे, दात घासणे झाल्यावर किमान तासाभराने शांत बसायचे, मान थोडी पुढे झुकवून पाच मिनिटे लाळ न गिळता मोजपट्टीच्या पेल्यात सोडायची. निरोगी माणसात मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलिलिटर येते. पाच मिनिटांत एकूण अर्धा मिलिलिटरही जमली नाही तर लाळ खरोखर कमी आहे.

अशांनी फ्लोराइडची पेस्ट वापरावी. नेहमीच्या पेस्टमध्ये १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइड असते. कीड झपाट्याने लागत असलेल्या प्रौढांना दंतवैद्य ५००० पीपीएमची पेस्ट लिहून देतात. घासून झाल्यावर थुंकायचे, खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर दातांवर राहायला हवे असलेले फ्लोराइडच धुऊन जाते. अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळावा, तो कोरड वाढवतो. कोरड लागते म्हणून आंबट-गोड गोळ्या चघळत राहणे हा सर्वांत वाईट उपाय. बिनसाखरेचे, झायलिटॉलचे च्युइंगगम चालते, लाळग्रंथी काम करत असतील तर त्याने लाळ वाढते. कवळी रात्री काढून, घासून ठेवायची. ती न काढणाऱ्या मधुमेहींच्या टाळूवर कवळीच्या आकाराचा लाल पट्टा दिसतो, तो बुरशीचा असतो आणि बहुधा दुखत नाही. क्लोरहेक्सिडिन चांगले आहे, पण ०.२ टक्क्यांचे १० मिलिलिटर दिवसातून दोनदा, तेही दोनेक आठवडेच. पेस्ट आणि त्याच्यात अर्ध्या तासाचे अंतर हवे, कारण पेस्टमधला फेस आणणारा घटक त्याचा परिणाम मारतो. महिनोन्‌महिने वापरले तर दात तपकिरी होतात आणि चव बिघडते.

थायरॉइड कमी काम करत असेल तर ऊतींमध्ये पाणी धरून ठेवणारे पदार्थ साचतात. जीभ जाड होते, तिच्या कडांवर दातांचे ठसे उमटतात, चव कळेनाशी होते, जखमा हळू भरतात. अशा रुग्णाला झोपेची किंवा गुंगीची औषधे, कोडीन-ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके नेहमीपेक्षा जास्त चढतात. आजार ताब्यात येईपर्यंत ती टाळावीत. थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, खाण्याआधी ३० ते ६० मिनिटे घ्यायची हे बहुतेकांना माहीत असते. हाडे-दातांसाठी दिलेली कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवायची, हे फार थोड्यांना सांगितले जाते. दोन्ही एकत्र घेतल्या तर थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही आणि डोस बरोबर असूनही टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक, चढत राहते.

थायरॉइड जास्त काम करत असेल तर दात काढण्याची घाई नको. भुलेच्या इंजेक्शनमधल्या ॲड्रिनॅलिनने आधीच धावणारे हृदय आणखी बिथरू शकते, आणि ताबा नसलेल्या अवस्थेत जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रियेच्या ताणाने जीवघेणा थायरॉइडचा झटका येऊ शकतो. दुखण्यावर ॲस्पिरिन घेऊ नये, ते रक्तातल्या प्रथिनांना बांधलेले संप्रेरक मोकळे करते. पॅरासिटामॉल चालते. इथला सर्वांत महत्त्वाचा धोका मात्र औषधाचा आहे. कार्बिमाझोल, मेथिमाझोल, प्रोपिलथायोयुरासिल या गोळ्यांनी क्वचित पांढऱ्या पेशी एकाएकी जवळजवळ नाहीशा होतात, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. पहिली खूण तोंडातच दिसते: घसा दुखणे, तोंडात छाले, हिरड्यांवर राखाडी व्रण आणि ताप. अशा वेळी तोंडाला मलम लावून वाट पाहू नये. गोळी थांबवावी, त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची मोजणी करून घ्यावी आणि आपल्या डॉक्टरांना कळवावे. गोळी लिहून देतानाच ही सूचना कागदावर लिहून द्यायला हवी, तोंडी सांगितलेली विसरली जाते.

मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी थकल्या तर तोंडात रंग दिसतो. हिरड्या, गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा यांवर तपकिरी ते निळसर-काळे डाग पडतात. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केलेल्या आजाराचे हे लक्षण आजही निदानाची दिशा दाखवते. सावळ्या वर्णाच्या कोट्यवधी माणसांच्या हिरड्या मुळातच काळसर असतात, त्यांनी घाबरण्याचे काहीच कारण नाही. डाग नवे असतील आणि सोबत थकवा, वजन घटणे, उभे राहिल्यावर चक्कर, मिठाची ओढ असेल तर सकाळी आठच्या सुमारास रक्तातले कॉर्टिसोल हे ॲड्रिनलचे संप्रेरक तपासावे.

याहून कितीतरी जास्त संख्या दम्यासाठी, सांध्यांसाठी, त्वचेसाठी स्टेरॉइड घेणाऱ्यांची. प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, महिनाभर किंवा अधिक काळ चालू असेल तर स्वतःच्या ग्रंथी सुस्तावलेल्या असू शकतात. दात काढायच्या आधी ‘जखम भरावी म्हणून’ ही गोळी आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. स्थानिक भुलेखालच्या साध्या कामासाठी नेहमीचा डोस त्या दिवशी न चुकता घेणे बहुतेकांना पुरते. ॲडिसनचा आजार असलेल्यांना आणि मोठ्या शस्त्रक्रियेला जास्तीचा डोस लागतो, तो त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचा. उपचारानंतर काही तासांत उलट्या, ग्लानी, रक्तदाब घसरणे असे झाले तर प्रौढाला १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन ताबडतोब लागते. इनहेलरने ओढायच्या स्टेरॉइडनंतर चूळ भरून थुंकण्याची सवय ठेवावी, तेवढ्याने तोंडातली बुरशी टळते.

रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या, थायरॉइडमागच्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा अतिरेक क्ष-किरण चित्रात दिसतो: मुळाभोवतीची पांढरी रेषा पुसट होते, कधी जबड्यात पोकळी किंवा गाठ दिसते. जबड्यातल्या गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत राक्षसी पेशी (अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी) आल्या तर कापाकापीआधी रक्तातले कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक तपासायलाच हवे. ग्रंथीवरच्या उपचाराने अशी गाठ बहुधा आपोआप आकसते. उलट, थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या तर ते दाताच्या नसेचे दुखणे नसून कॅल्शियम घसरल्याची पहिली सूचना असू शकते.

वाढीचे संप्रेरक प्रौढपणी जास्त झाले तर दातांमध्ये नव्या फटी पडतात, खालचा जबडा पुढे येतो, जीभ मोठी होते, नीट बसणारी कवळी बसेनाशी होते. सोबत अंगठी आणि चपला घट्ट होतात. हा आजार ओळखायला अनेकदा वर्षे जातात. तारा लावून फटी बुजवण्याआधी आयजीएफ-१ (वाढीच्या संप्रेरकामुळे वाढणारा घटक) ही एक रक्ततपासणी केली तर ती वर्षे वाचतील.

स्त्रियांच्या बाबतीत संप्रेरकांचे चढउतार हा आजार नव्हे, पण हिरड्यांना ते जाणवतात. वयात येताना आणि गरोदरपणी त्याच कीटणाला हिरडी जास्त सूज देऊन उत्तर देते. काही जंतूंना तर ही संप्रेरके पोषक ठरतात. गरोदर स्त्रीच्या हिरड्यांतून रक्त येणे नेहमीचे असले तरी उपचार न करण्याइतके नेहमीचे नाही. साफसफाई, फिलिंग, लिग्नोकेनची भूल, गरजेपुरता क्ष-किरण हे सुरक्षित आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात बसायलाही सोपे जाते. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक नको, आणि २० आठवड्यांनंतर आयबुप्रोफेन नको. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नयेत. पेलाभर पाण्यात चहाचा चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने घासावे. पीसीओएस (बीजांडांचा, पाळी अनियमित करणारा संप्रेरक-विकार) असलेल्या मुलींना मुरुम आणि पाळी यांच्यासाठी औषधे मिळतात. त्यांच्यातही इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती असते आणि हिरड्यांची सूज जास्त आढळते, म्हणून साखर आणि हिरड्या दोन्ही पाहाव्यात.

पाळी गेल्यावर तोंडाची आग, कोरड आणि हाडांची झीज येते. आग होणाऱ्या तोंडात काहीच दिसत नाही म्हणून ‘मनाचे खेळ’ असे सांगून स्त्रियांना परत पाठवले जाते, हे अन्यायाचे आहे. आधी लोह, बी-१२, साखर, टीएसएच, बुरशी आणि लाळ तपासावी. हाडांच्या औषधांबाबत क्रम महत्त्वाचा. ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब सुरू होण्याआधी दातांची तपासणी करून काढण्याजोगे दात काढून घ्यावेत. या औषधांवर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याचे हाड उघडे पडून आठ आठवड्यांनंतरही झाकले जात नाही. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या डोसात हा धोका कमी आहे, कर्करोगासाठीच्या मोठ्या डोसात बराच जास्त. म्हणून घाबरून औषध सोडणे चूक. डेनोसुमॅबचे सहा महिन्यांनी येणारे इंजेक्शन दातासाठी पुढे ढकलले तर मणक्यांचे अस्थिभंग होऊ शकतात. दात काढायचाच असेल तर तो दोन इंजेक्शनांच्या मधल्या काळात, दोन्ही डॉक्टरांच्या बोलण्यातून ठरवावा.

मुलांच्या बाबतीत एवढेच. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत एकही दात आला नाही, किंवा दात येण्याचा सगळा क्रमच खूप मागे पडला आणि उंचीही वाढत नसेल, तर थायरॉइड आणि वाढीचे संप्रेरक तपासावे. कीड नसलेल्या दुधाच्या दातांवर वारंवार गळवे येत असतील आणि पाय वाकलेले असतील तर रक्तातले फॉस्फरस तपासावे. फॉस्फरस मूत्रावाटे घालवणाऱ्या आनुवंशिक मुडदुसात फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर-२३ हे संप्रेरक वाढलेले असते, आणि असे गळू कधीकधी त्या आजाराची पहिली ओळख असते.

एक सावधगिरी आमच्या बाजूनेही नोंदवतो. प्रत्येक हलणारा दात हार्मोनमुळे हलत नाही. बहुतेक हिरड्या कीटणानेच सुजतात, आणि दिवसातून दोनदा दोन-दोन मिनिटे घासणे, फटींत बारीक ब्रश फिरवणे याला कोणतीही रक्ततपासणी पर्याय नाही. सगळ्या हार्मोनांची महागडी एकत्रित तपासणी करून घ्यावी असे आम्ही सुचवत नाही. वर दिलेली लक्षणे पाहून एक किंवा दोन तपासण्या पुरतात.

आपल्या दैनिकाकडून आमची अपेक्षा आहे की मधुमेहींसाठीची वार्षिक तपासणीची यादी यापुढे छापताना ‘हिरड्यांच्या कप्प्यांची खोली’ ही ओळ तीत असावी. दंतवैद्यांच्या नोंदणीपत्रकात ‘मधुमेह आहे का?’ या प्रश्नाखाली शेवटचा एचबीए१सी आणि त्याची तारीख लिहायला जागा असावी, आणि मधुमेह-थायरॉइडच्या डॉक्टरांनी ‘हिरड्यांतून रक्त येते का, दात हलतात का, तोंड कोरडे पडते का’ हे तीन प्रश्न प्रत्येक भेटीत विचारावेत. वाचकांनी चालू औषधांचा कागद जवळ ठेवावा. त्यात इन्शुलिन, थायरॉइडची गोळी, स्टेरॉइड आणि हाडांचे इंजेक्शन यांची नावे, डोस आणि सुरू झाल्याची तारीख असावी. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एकदाच घ्यायचे हाडांचे इंजेक्शन रोजच्या गोळ्यांत मोजले जात नाही आणि दातांच्या दवाखान्यात सांगायचे राहते, म्हणून ते सर्वांत वर लिहावे.

कळावे.

आपले,
एक दंतवैद्य आणि एक संप्रेरक-विकारतज्ज्ञ